दोनदा धरलेली फरशी

काकी आमच्या ऑफिसात पोळ्या लाटायला आल्या त्या दिवशी कुणीच डबा आणला नव्हता. आर्किटेक्टच्या ऑफिसात कणीक मळली जातेय हे बघायला शेजारचा झेरॉक्सवालाही दारात येऊन उभा राहिला. मांडणी साधी होती. विटांचे दोन खांब, त्यांवर पातळ फळ्यांचे तुकडे एकावर एक रचलेले आणि सगळ्यात वर जाड प्लायवूड. त्यावर काकींचा स्वतःचा पोळपाट. काकी दोन-चार पोळ्या लाटायच्या, मग आमचा साइट सुपरवायझर दोन्ही बाजूंची एकेक फळी काढून घ्यायचा, की काकी पुन्हा लाटायला लागायच्या. तो तात्पुरता ओटा असा थोडा थोडा खाली येत होता.

मॅडम समोर स्टुलावर बसल्या होत्या. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकीण, साठीच्या आर्किटेक्ट. त्या पोळीकडे बघत नव्हत्या, काकींच्या उजव्या खांद्याकडे बघत होत्या.

“आता कसं वाटतंय, काकी?”

“माका काय विचारतास? खांद्याक विचारा.”

“मॅडम, पोळी चाखल्याशिवाय उंची कशी कळायची?” सुपरवायझर म्हणाला.

“तू फळी काढ.”

काकींची उंची चार फूट आठ इंच असेल नसेल. आदल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काम करा, पण लाटताना हात वर उचलला गेला तर पुन्हा माझ्याकडे यावं लागेल. एका टप्प्यावर काकी लाटत असताना खांदा जागचा हलेनासा झाला, नुसती कोपरं पुढे-मागे होऊ लागली. मॅडम उठल्या. “बस. हीच उंची.” आमच्या डिझायनर मुलीने टेप लावली. एकोणतीस इंच. नेहमीचा ओटा याहून चांगला चार-पाच इंच उंच असतो.

पोळ्या मग सगळ्यांनी खाल्ल्या. मी स्वतः गेली कित्येक वर्षं पोळ्या विकत आणते, त्यामुळे मला चांगल्या पोळीची पारख आहे. या चांगल्या होत्या.

हे असं करून बघणं आमच्याकडे नवीन नाही. जी वस्तू माणसाच्या अंगाला लागणार, ती आधी विटा, प्लायवूड, पुठ्ठा, जे हाताशी असेल त्याची खऱ्या मापात उभी करायची आणि वापरणाऱ्याला बोलवायचं. बोरिवलीच्या एका बालवाडीसाठी आम्ही पुठ्ठ्याचं बेसिन केलं होतं. चार वर्षांच्या मुलांनी त्यात हात धुतल्याचं नाटक केलं आणि अर्ध्या मुलांच्या बाह्या कोपरापर्यंत आत गेल्या. बेसिन बदललं. मॅडमचं म्हणणं एवढंच की पुठ्ठा फाडायला कुणाला वाईट वाटत नाही, ग्रॅनाइट फोडायला वाटतं.

मी या ऑफिसात आले ती मालाडच्या एका बिल्डरकडची नोकरी सोडून. माझा सिव्हिलचा डिप्लोमा. त्या बिल्डरकडे आर्किटेक्ट आणि काँट्रॅक्टर फक्त भांडायला भेटत. नकाशा आला की साइटवरचे लोक तो उघडून हसत, आणि साइटचा फोटो गेला की तिकडे आर्किटेक्ट डोक्याला हात लावून बसत. मधल्या मध्ये मी दोन्हीकडच्या शिव्या सभ्य भाषेत करून इकडून तिकडे पोचवत असे. त्याचाच मला पगार होता.

मॅडमचं ऑफिस घाटकोपरला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दोन गाळे आहेत. मधली भिंत त्यांनी पाडून घेतलीय. एका बाजूला कॉम्प्युटर, मॉडेलं आणि नकाशे काढणारी मंडळी. दुसऱ्या बाजूला टाइल्सचे आणि नळांचे नमुने, हेल्मेटं आणि साइटवरून आलेली माणसं. मुलाखतीच्या दिवशी मी विचारलं, “मॅडम, मी कुठल्या बाजूला?” त्या म्हणाल्या, “भिंत होती तिथे.” माझं टेबल अजून तिथेच आहे. एका कानाने पडद्यांच्या रंगाची चर्चा, दुसऱ्या कानाने रेतीचा ट्रक कुठे अडकलाय.

मॅडमचा नियम दोन्ही बाजूंना सारखा होता. जो रेघ काढेल त्याने ती रेघ बांधली जाताना समोर उभं राहायचं, प्लॅस्टरच्या दिवशी, फरशीच्या दिवशी, स्लॅबच्या दिवशी. आणि जो बांधणार त्याने नकाशा पक्का व्हायच्या आधी मीटिंगला बसून आपली हरकत सांगायची. “आत्ता बोल. नंतर बोललास तर मी ऐकणार नाही.” नवीन मुलांना सुरुवातीला हे जड जातं. कॉलेजात त्यांची मॉडेलं शोकेसमध्ये ठेवलेली असतात, आणि इथे त्यांना सिमेंटच्या गोणीवर बसून चहा प्यावा लागतो. काही पहिल्या महिन्यातच जातात. जी राहतात ती मात्र वेगळीच तयार होतात.

आमची डिझायनर अशांपैकी एक. अंधेरीची मुलगी, कॉलेजात पहिली आलेली, आल्या आल्या पांढरे बूट घालून साइटवर गेलेली. आता तिला प्लॅस्टरवर थाप मारून आवाजावरून पोकळ कुठे आहे ते कळतं. आणि सुपरवायझर वाशीमकडचा, वीस वर्षं मुंबईत काढूनही रागावला की “काहून” म्हणणारा. एका मीटिंगमध्ये मी त्याला एका खिडकीवरून तावातावाने वाद घालताना ऐकलं, की ती इथे ठेवली तर संध्याकाळचं ऊन अभ्यास करणाऱ्या पोराच्या वहीवर पडेल, हातभर डावीकडे न्या. मालाडला असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याचा ताप बघितला असता. मला हे बघायला आवडायचं. अजूनही आवडतं. चांगलं काम होताना बघणं ही माझी करमणूक आहे, सिरियल मी बघत नाही.

तर काकी. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायचं काम आमच्याकडे होतं. नकाशा आमचा, बांधकामावर देखरेख आमची आणि आतलं बरंचसं काम आमच्याच माणसांचं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर काकींचं पोळीभाजी केंद्र होतं. काकी मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूने घरात डबे सुरू केले आणि सुनेने ते गाळ्यात आणले. पोळ्या काकींच्या, भाजी-आमटी त्यांच्या धाकट्या जावेची. नव्या इमारतीत त्यांना तेवढाच गाळा मिळणार होता.

त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे जवळचं नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. बांधकाम चालू असताना काकींनी भांडुपला एका भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसून पोळ्या लाटल्या, आणि त्यातच खांदा गेला. ऑपरेशननंतर डबे बंद. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी तेवढ्यापुरता दुसरा माणूस बघितला. बाई सरळ होत्या. त्यांनी काकींना सांगून टाकलं, “जूनमध्ये नव्या मुली येतील. त्या दिवशी जेवण तुमच्याकडून आलं तर तुमचंच चालू. नाही आलं तर मी या माणसाशी वर्षाचं ठरवते. मला दर महिन्याला शोधाशोध जमणार नाही.” यात रागवण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

म्हणून मॅडमनी सगळी इमारत बाजूला ठेवून तो गाळा आधी हातात घेतला. वर लिफ्टचं काम चालू होतं, रंग चालू होता, आणि खाली काकींचा गाळा मेच्या मध्यावर तयार. धूर बाहेर ओढणारा मोठा पंखा, भाजीच्या भट्टीसाठी वेगळी बुटकी जागा, धुवायला मोठं सिंक आणि लांबलचक काळा ग्रॅनाइटचा ओटा. मी तपासणी करून किल्ली द्यायला गेले. काकी जावेबरोबर आल्या, पोळपाट-लाटणं जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून.

त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. पोळपाट ठेवला. लाटणं हातात घेऊन दोन वेळा पुढे-मागे केलं. मग थांबल्या. चेहरा तसाच.

“झकास झालाय,” जाऊ म्हणाली.

“झालाय तर,” काकी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “ताई, एक पाट मिळात काय ओ?”

मला वाटलं पूजेसाठी हवा असेल. मी म्हटलं, “गणपतीचा फोटो वर लावायचाय ना? वर फळी केलीय.”

“पूजेक नको. उभी रवाक होयो.”

मी पर्समधली टेप काढली. माझ्या पर्समध्ये टेप असतेच. जमिनीपासून ओट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. बत्तीस इंच. पुन्हा मोजलं. पुन्हा बत्तीस.

इतर कुणाच्या घरात तीन इंचांनी काय बिघडतं? काहीच नाही. बहुतेक बायकांना बत्तीस इंचसुद्धा बुटका वाटला असता. पण काकींनी लाटणं धरलं तेव्हा मी खांद्याकडे बघितलं होतं. तो वर गेला होता. रोज सकाळी पाच-सहा तास तो तसा वर जाणार होता.

मॅडमना फोन केला. त्या अर्ध्या तासात रिक्षाने आल्या आणि येताना डिझायनरला घेऊन आल्या. सुपरवायझर वरच्या मजल्यावरच होता. काकी आणि जाऊ बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. आत आम्ही चौघं.

मॅडमनी स्वतः टेप लावली आणि नुसत्या दोघांकडे बघितलं.

“मी नकाशातल्यापेक्षा कमी-जास्त काही केलं नाही,” सुपरवायझर म्हणाला. “उलट फरशी मीच धरली.”

“म्हणजे?” डिझायनर म्हणाली.

“म्हणजे नकाशात उंची होती, तिच्यात मी फरशीचे तीन इंच वाढवले. ओटा आधी होतो, फरशी नंतर पडते. नाही वाढवले तर फरशी पडल्यावर ओटा बुटका होते ना, बाई.”

“अरे, पण ते मी वाढवले होते.”

“तुम्ही काहून वाढवले?”

“कारण ओटा आधी होतो आणि फरशी नंतर पडते.”

बाहेर जाऊ काकींना विचारत होती, मसाल्याचे डबे कुठल्या फळीवर.

ज्यांनी कधी घर बांधून घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ओट्याच्या खालच्या उभ्या लाद्या कच्च्या जमिनीवर उभ्या करतात. मग त्या जमिनीवर रेती-सिमेंट आणि वर फरशी येते, ती तीनेक इंच जागा खाते. म्हणून ओटा करताना तेवढी उंची आधीच वाढवून घ्यायची असते. नकाशे काढणारे लोक हे हमखास विसरतात, म्हणून शहाणा साइटवाला न विचारता वाढवतो. आमची डिझायनर तीन वर्षं साइटवर उभी राहिलेली, ती विसरली नाही. तिने साइटवाल्यांचा त्रास वाचावा म्हणून नकाशातच वाढवून दिले. आणि सुपरवायझरने डिझायनरची चूक बाहेर येऊ नये म्हणून गुपचूप वाढवून घेतले. फरशी दोनदा धरली गेली.

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ही चूक झालीच नसती. तिथे एक विसरला असता, दुसऱ्याने सांभाळून घेतलं असतं आणि ओटा बरोबर आला असता.

मॅडम हसायला लागल्या. मला आधी वाटलं रागाने. पण नाही, खरंच हसत होत्या, ओट्याला टेकून. “इतकी वर्षं मी तुम्हाला ओरडतेय की एकमेकांचा विचार करा,” त्या म्हणाल्या. “केलात. आता निदान एकमेकांशी बोला तरी.” मग डोळे पुसले. “चला. हिला एकोणतीस पाहिजे. कसं करायचं ते सांगा. दोघांनी मिळून सांगा, वेगळं वेगळं नको.”

कुणाची चूक, हा विषय तिथे संपला. तो नंतरही कधी निघाला नाही. मालाडच्या नोकरीत या वेळेपर्यंत तीन ईमेल गेल्या असत्या, तिन्हींत मला कॉपी करून.

ग्रॅनाइटवाल्याला फोन लावला. एवढे लांब दगड पुन्हा मागवायचे तर जून उलटून जाईल, असं तो म्हणाला. म्हणजे फोडून नवा करणं बाद झालं. सुपरवायझर म्हणाला, ओट्यासमोर जमीनच तीन इंच उचलू, लांब पट्टा करू, काकी त्यावर उभ्या राहतील. मॅडमनी जावेला आत बोलावलं, रिकामं मोठं पातेलं दोन्ही हातांत दिलं आणि म्हणाल्या, “भट्टीपासून सिंकपर्यंत नेहमीसारखी जा.” मध्ये त्यांनी दोन विटा आडव्या ठेवल्या. जाऊ पातेल्याकडे बघत चालली आणि विटेला अडखळली. मॅडमनी तिचा दंड धरला. “यात उकळती आमटी असेल,” त्या सुपरवायझरला म्हणाल्या. “बरोबर आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात काकीही आत आल्या. “एवढा कशाक? चांगलो दगड आसा. मी पाटार उभी रवान. सवय होतली.”

“काकी, गरम तव्याशेजारी पाटावर उभं राहायचं? मला झोप नाही लागणार.”

“तुमका झोप लागूची म्हणान माझो ओटो फोडतलात?”

“फोडणार नाही. काहीतरी करू.”

“बघा बाय,” काकी म्हणाल्या, आणि हळू आवाजात पुढे म्हणाल्या, “नव्या पोरी यायच्या आधी होयो पण.” पहिल्यांदाच त्या हे स्वतःच्या तोंडाने बोलल्या. मग फडक्यात पोळपाट पुन्हा गुंडाळला.

उपाय कुणाचा, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण तो माझ्यासमोरच दोघांच्या भांडणातून निघाला. डिझायनर म्हणाली, वरचा दगड तसाच ठेवू, खालच्या उभ्या लाद्याच तीन इंच कापू. सुपरवायझर म्हणाला, दगड काय हवेत राहील? ती म्हणाली, जॅक लावू, स्लॅबला लावतो तसे. तो म्हणाला, एक बाजू आधी बसली की दगड गेला, कडकन. ती म्हणाली, मग सगळ्या बाजू एकदम खाली आणू. कशा आणशील? ऑफिसात काकींसाठी आणल्या तशा, पातळ फळ्या घालून, सगळीकडची एकेक फळी काढत. तो सिंकपर्यंत जाऊन दगड चाचपून आला. मग म्हणाला, “अखंड नाही येणार. सिंकजवळ जोड आहे, तिथे मोकळा करून दोन भागांत उतरवू.” मॅडम तोवर भिंतीला टेकून फोनवर कुणाशी तरी दुसऱ्याच साइटचं बोलत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, “ठरलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. प्लंबरने सिंकचा पाइप सोडवला. ओट्याखाली जॅक उभे राहिले, प्रत्येक जॅकवर फळ्यांची चळत, दगडाला अलगद टेकलेली. मग उभ्या लाद्या वरून तीन इंचांवर आडव्या कापल्या. पाण्याची धार धरून कापत होते तरी गाळा राखाडी झाला. कापलेले तुकडे बाहेर काढल्यावर तो काळा दगड खरोखरच फळ्यांवर तरंगत होता. मी अशी दृश्यं बघून घाबरत नाही, पण हात मागे बांधून उभी होते हे खरं.

डिझायनर ओट्याखाली पाठीवर झोपली, हातात टॉर्च. सुपरवायझर वर, दोन्ही टोकांना लावलेली पाण्याची पारदर्शक नळी बघत. दोन्हीकडचं पाणी एका रेघेवर असलं म्हणजे दगड सपाट. तो सांगायचा, “डावीकडे एक सूत राहिलं,” म्हणजे अगदी बारीक, पाव इंचाचाही अर्धा. ती खालून जॅक तेवढा फिरवायची. मग सगळीकडची एकेक फळी बाहेर. पुन्हा नळी. पुन्हा सूत. काहीजण स्तोत्र म्हणतात त्या लयीत चाललं होतं.

“दादा, माझ्या नाकावर आहे हा दगड.”

“मग नाक आत घ्या.”

मोठा भाग खाली बसला तेव्हा आवाजही झाला नाही. दुसरा भाग, सिंककडचा, शेवटच्या फळीला अडकला. कुठेतरी जुन्या सिमेंटचं ढेकूळ राहिलं होतं. सुपरवायझरने हलकेच हातोडी मारली आणि कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली. तो तसाच वाकून बघत राहिला. मॅडमनी चष्मा वर केला, बोटाने चीर चाचपली. “कोपऱ्यालाच आहे. पुढे जाणार नाही अशी खालून पट्टी चिकटवा आणि भरून घ्या.” चीर भरली. अजून आहे. ठाऊक असेल तर दिसते.

एक गोष्ट राहिली होती. ओटा खाली आला, पण भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्स जुन्याच उंचीवर थांबल्या होत्या. दोन्हींच्या मध्ये तीन इंचांचा कच्च्या प्लॅस्टरचा पट्टा. त्या लॉटच्या टाइल्स संपलेल्या, आणि दुसऱ्या पांढऱ्याशी जुळेना. डिझायनर स्टीलची पट्टी लावू म्हणत होती. सुपरवायझर म्हणाला, तेल उडून ती महिन्यात चिकट होईल. ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कापून टाकलेल्या काळ्या लादीचा एक तुकडा होता, हातभर लांब, तीन इंच उंच. तो तिने त्या पट्ट्यात धरला. पात्याने खाल्लेली फट सोडली तर बरोबर बसला. “घासून पॉलिश केला तर?” ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, “कर.” तुकडे लागले तेवढे निघाले, कारण उभ्या लाद्या बऱ्याच होत्या. ओट्यामागे आता एक काळी पट्टी आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन बायकांनी मला विचारलं, आम्हाला अशी का नाही केली. मी सांगितलं, ती स्पेशल आहे.

काकींना बोलावलं. त्या आल्या, लाटणं धरलं, पुढे-मागे केलं. मॅडम बाजूला उभ्या राहून खांद्याकडे बघत होत्या, मीही बघत होते, सुपरवायझरही, सगळेच. खांदा हलला नाही. काकींनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. “डॉक्टरपण इतको बघणा नाय,” त्या म्हणाल्या.

हॉस्टेलवर नव्या मुली आल्या त्या सकाळी मी साइटवर जायच्या निमित्ताने आधीच पोचले. मॅडम माझ्याआधी आलेल्या. त्यांचं तिथे काहीच काम नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, पंखा धूर ओढतो का ते बघायचंय. पंखा ओढत होता. जावेची आमटी भट्टीवर रटरटत होती, शेजारची एक बाई तव्यावर पोळ्या भाजत होती, आणि काकी लाटत होत्या. वेग असा की भाजणारी मागे पडत होती.

“गो, झोप लागली काय तुका?”

“दोन हातच आहेत मला.”

“माका तर दीडच हत,” काकी म्हणाल्या आणि आणखी एक पोळी तिच्याकडे सरकवली.

आम्ही दाराशी उभ्या होतो. काकींनी न वळता सांगितलं, “वाट सोडा. डबे जातले हयसून.” आम्ही बाजूला झालो. जेवणाचे मोठे डबे हातगाडीवर चढले आणि हॉस्टेलच्या दिशेने गेले. मॅडम तरी जाईनात. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटल्या, गच्चीवर जाऊन आल्या, उगाच जिन्याचा कठडा हलवून बघितला. मीही थांबले. सुपरवायझर आणि डिझायनर वरच्या मजल्यावरून दर थोड्या वेळाने काहीतरी विचारायला खाली येत होते. विचारण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाची वेळ उलटून गेल्यावर काकींचा फोन वाजला. रेक्टरबाई होत्या. काकींनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, कारण हाताला पीठ.

“पोळ्या सगळ्या संपल्या,” बाई म्हणाल्या. “आमटी जरा तिखट होती.”

“उद्या कमी करतंय.”

“त्या माणसाला मी नाही म्हणून सांगते. पण एक विचारायचं होतं. यंदा कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली पुष्कळ आल्यात. रात्रीला भाकरी द्याल का? देत असाल तर दोन्ही वेळचं तुमच्याकडेच ठेवते.”

काकींनी आपल्या तळहातांकडे बघितलं. भाकरी लाटायची नसते, थापायची असते, आणि थापायला पूर्ण तळहात आणि खांद्याचं वजन लागतं. आम्ही विटांवरच्या त्या ओट्यावर पोळीचं माप घेतलं होतं, भाकरीचं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

“जरा थांबा हां,” काकी फोनला म्हणाल्या. ज्वारीचं नव्हतं म्हणून त्यांनी डब्यातून मूठभर तांदळाचं पीठ काढलं, गरम पाणी घातलं, मळलं, गोळा केला, ओट्यावर पीठ पसरलं आणि थापायला सुरुवात केली. सावकाश, एका हाताने फिरवत, दुसऱ्याने दाबत. भाकरी गोल होत गेली, मोठी होत गेली. मध्ये एकदा थांबल्या, खांदा हलवून बघितला, पुन्हा थापली. मग ती तव्यावर टाकून पिठाचे हात झटकले.

“जमतला,” त्या फोनला म्हणाल्या. “पण रोज नाय. आठवड्यात तीन दिस. बाकीचे दिस पोळी.”

“चालेल,” रेक्टरबाई म्हणाल्या.